चार धाग्यांचं पान

लेसचा हा तुकडा आधी सगळ्यांच्या हातून फिरू द्या. जाळी नंतर बघा, आधी पान बघा. करंगळीच्या नखाएवढं आहे, त्यात धागे चारच आहेत, आणि ते नीट जमायला मला चार महिने लागले. बॉबिन लेसमधलं इतकं खोडकर प्रकरण दुसरं नाही, असं माझं मत. काहीजणी गुलाबाच्या जाळीचं नाव घेतील. घेऊ देत.

ज्यांनी हे काम कधी पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी दोन मिनिटं. इथे सुई नाही, क्रोशाची आकडीही नाही. धागा लाकडी बॉबिनवर गुंडाळलेला असतो आणि बॉबिन जोडीजोडीने वापरतात. समोर घट्ट भरलेली उशी, तिच्यावर भोकं टोचलेला जाड कागदाचा नमुना. जिथे भोक तिथे टाचणी. धाग्यांनी एकमेकांना धरून ठेवेपर्यंत टाचणी त्यांना धरते, मग निघून जाते. एका वेळी हाताशी दोन जोड्या, म्हणजे चार बॉबिन.

हालचाली फक्त दोन. मधल्या दोन धाग्यांपैकी डावा उजव्यावरून न्यायचा, हा क्रॉस. मग प्रत्येक जोडीत उजवा धागा डाव्यावरून न्यायचा, हा ट्विस्ट. मी त्याला पीळ म्हणते. क्रॉस आणि पीळ, क्रॉस आणि पीळ करत राहिलं की चार धाग्यांची वेणी होते. क्रॉस, पीळ, क्रॉस केलं की कापडासारखी भरीव वीण येते. बाकीची बहुतेक कारागिरी या दोनांच्याच हेरफेरातून निघते. झुरिकमध्ये 1561 साली छापलेल्या नमुन्यांच्या पुस्तकात लिहिलंय, की ही कला 1536 मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांबरोबर तिथे आली. त्यानंतर उश्यांचे आकार बदलले, बॉबिन बदलल्या. क्रॉस आणि पीळ मात्र तेच.

मग पानात अडतं कुठे? पान हे खरं तर विणकाम आहे. वेणी पानाच्या देठापर्यंत आली की टाचणी लावायची, एक भरीव टाका घालायचा आणि चार धागे पसरायचे. आता त्यातले तीन उभे, म्हणजे ताणा. चौथा फिरणारा, म्हणजे बाणा. डावीकडून निघाला की पहिल्याच्या वरून, मधल्याच्या खालून, तिसऱ्याच्या वरून. तिथे वळसा घेऊन परत येताना तिसऱ्याच्या खालून, मधल्याच्या वरून, पहिल्याच्या खालून. अशा वीस-पंचवीस फेऱ्या. बाण्याची बॉबिन सुरुवातीलाच इतरांपेक्षा लांब सोडा, म्हणजे गर्दीत ती ओळखू येते.

आकार मात्र विणीतून येत नाही, तो ताणातून येतो. पहिल्या फेऱ्यांत कडेचे दोन धागे थोडे थोडे बाहेर सरकवायचे आणि बाणा अलगद ओढायचा, इतका अलगद की फेरी आधीच्या फेरीला चिकटेल पण कडा आत येणार नाही. पोट भरलं की उलट: प्रत्येक फेरीला केसभर जास्त ओढ, म्हणजे टोक निमुळतं होत जातं. मधला धागा दोन्ही कडांच्या बरोबर मध्ये राहिला पाहिजे. तो एका बाजूला झुकला की पान वाकडं झालंच म्हणून समजा.

आणि या सगळ्या वेळात बाण्याची बॉबिन हातातून सुटता कामा नये. बॉबिन लहान असली तरी तिला वजन असतं. ती उशीच्या कडेवरून लोंबली की तिच्या वजनाने बाणा ओढला जातो, आणि अर्ध्या तासाचं पान डोळ्यांदेखत आवळून काडी होतं. माझी पहिली कितीतरी पानं अशीच गेली. एकदा तर शेवटची फेरी झाली म्हणून मी खुशीत हात वर केले, बॉबिन घरंगळली, संपलं. उसवण्याशिवाय इलाज नाही, आणि फेरी उलटी फिरवत उसवणं हे विणण्यापेक्षा किचकट.

म्हणून मला माल्टाच्या बायकांचं फार कौतुक वाटतं. त्यांची उशी लांबोडकी, टेकवून उभी केलेली. सपाट उशीवर बॉबिन निदान पडून तरी राहतात, तिथे त्या लोंबतातच. आणि माल्टाची मधाच्या रंगाची रेशमी लेस ओळखायची कशावरून? आठ टोकांच्या क्रुसाच्या नक्षीवरून, आणि गव्हाच्या दाण्यांसारख्या टपोऱ्या पानांवरून. जिथे पान बिघडायची सगळ्यात जास्त भीती, तिथेच त्यांनी त्यांची रास घातली.

डच चित्रकार वर्मीरचं 'लेस विणणारी' हे चित्र तुम्ही छापील स्वरूपात पाहिलं असेल. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, जेमतेम 24 सेंटीमीटर उंच. त्यात पुढचे लाल-पांढरे धागे रंग सांडल्यासारखे पुसट आहेत. पण तिच्या बोटांतले दोन धागे बघा: बारीक, सरळ, ताठ. चित्रकाराला टाके येत होते की नाही, कोण जाणे, पण नजर ताणावर होती.

टोक आलं की काय करायचं, ते सांगायचं राहिलं. भरीव टाका घाला, टाचणी लावा, आणि बाणा ज्या जोडीत आहे ती जोडी लगेच वापरू नका. मी बाण्याची बॉबिन एका जादा टाचणीला अडकवून बाजूला ठेवते आणि पुढची वीण दुसऱ्या जोडीने सुरू करते. तीन-चार टाके झाले, पान जागेवर बसलं, की मग ती बॉबिन हळूच सोडवते.

आता उशी पुढे घेते, एक पान करून दाखवते. ज्यांना जवळून बघायचंय त्यांनी उजव्या बाजूने या. डावीकडे कृपया कोणी उभं राहू नका, मला त्या कोपराला धक्का लागून चालत नाही.