दाराखालचा कागद

(दृश्य : रुग्णालयाचा कॉरिडॉर. एका बंद दाराशी कुणीतरी वाकून खालच्या फटीपाशी टिश्यूपेपरची पट्टी धरलीय.)

कागद आत ओढला गेला. म्हणजे ठीक आहे.

या खोलीत क्षयरोगाचा रुग्ण होता. आतल्या हवेचा दाब मुद्दाम बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलाय, म्हणून फटीतून हवा आत जाते, बाहेर येत नाही. भिंतीवर दाब दाखवणारं यंत्र आहे. तरी रोज कागद धरून पाहायचा. यंत्र बिघडतं, कागद कसला बिघडतोय?

वाकलेल्या या बाई डॉक्टर नाहीत, नर्सही नाहीत. एकाच व्यवस्थापनाखालच्या अनेक रुग्णालयांच्या त्या सुरक्षाप्रमुख. तिथली हवा, पाणी, कचरा, रसायनं, आणि तिथे राबणाऱ्यांची पाठ, हात, फुप्फुसं, हे सगळं त्यांच्याकडे. रुग्णाची काळजी घेणारे पुष्कळ असतात. काळजी घेणाऱ्यांची काळजी कुणी घ्यायची, हा प्रश्न 2003 मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीनं फार कठोरपणे विचारला. जगभरातल्या रुग्णांपैकी सुमारे पाचवा हिस्सा आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता.

(दृश्य : रिकामी खोली. खाटेवरची चुरगळलेली चादर.)

रुग्ण बाहेर पडला, खोली रिकामी झाली. पण हवा? इथली हवा तासाला 12 वेळा बदलते. या वेगानं हवेतले 99 टक्के कण निघून जायला 23 मिनिटं लागतात, 99.9 टक्के जायला 35. तेवढ्यात खालून फोन येतो, ‘पुढचा पेशंट थांबलाय, लवकर आवरा.’ बादली-पोछा घेऊन आत जाते ती सफाई कर्मचारी. या 35 मिनिटांबद्दल तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

तिला चांगला मास्क देणं, हा एक उपाय. बाईंनी तो केलाच. शिवाय दारावर पाटी लावली : खोली किती वाजता रिकामी झाली, किती वाजता आत जायचं. पाटी लावणं सोपं होतं. अवघड होतं ते खाटांचा हिशेब ठेवणाऱ्यांना पटवणं, की या 35 मिनिटांत ती खाट ‘भरलेली’ धरायची. त्यासाठी बैठकांवर बैठका झाल्या. या कामातलं नेतृत्व बरंचसं असंच असतं, दुसऱ्याच्या तक्त्यातला एक रकाना बदलून घेण्याचं.

(दृश्य : नर्सचा हात. हातमोजा. वापरलेली सिरिंज.)

आता सुई. वापरलेली सुई टोचली आणि ज्याचं रक्त आहे त्याला हिपॅटायटिस बी असेल, तर लस न घेतलेल्या माणसाला संसर्ग होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के. एचआयव्हीसाठी ती साधारण 0.3 टक्के. एचआयव्ही टाळण्याची औषधं आहेत, पण ती जितकी लवकर तितकी बरी, 72 तासांच्या आत तर हवीतच. म्हणजे सुई टोचल्याचं सांगायला हवं, आणि लगेच.

नेमकं तेच होत नाही. ‘तू नीट लक्ष का दिलं नाहीस?’ हा पहिला प्रश्न असेल, तर कोण सांगणार? बोटाला पट्टी बांधायची आणि गप्प राहायचं. म्हणून एखाद्या रुग्णालयानं ‘वर्षभरात एकही घटना नाही’ असा अहवाल पाठवला, की बाई खूश होत नाहीत. त्या तिकडे जाऊन बसतात.

एका वॉर्डात त्यांनी नुसतं पाहिलं. इंजेक्शन झालं की नर्स सुईवर टोपण परत बसवत होती. तसं करू नये, हे तिला पाठ होतं. पण सुया टाकायचा डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, उघडी सुई हातात घेऊन तिथवर चालायचं कसं? डबा खाटेजवळ आला, त्याचं तोंड नजरेच्या टप्प्यात आलं, आणि पाऊण भरला की बदलायचा असं ठरलं. टोपण बसवणं कमी झालं. वॉर्डातलं सूचनांचं पोस्टर मात्र वर्षानुवर्षं तिथेच होतं, बिचारं!

आणि सुई फक्त नर्सलाच टोचते असं थोडंच आहे? चादरीत राहिलेली सुई लाँड्रीत पोचते. ज्यानं आयुष्यात कधी इंजेक्शन दिलं नाही, त्याच्या हातात ती घुसते.

(दृश्य : तळघर. गरम पाण्याची टाकी, पाइप, तापमापक.)

तळघरातलं काम कुणाला दिसत नाही. न्यूमोनिया करणारा लिजिओनेला नावाचा जिवाणू कोमट पाण्यात वाढतो. 1976 साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांना त्यानं गाठलं, त्यानंतर त्याची ओळख पटली. म्हणून टाकीत पाणी 60 अंश सेल्सिअसला ठेवतात. पण इतक्या गरम पाण्यानं रुग्ण भाजेल, मग नळाजवळ गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवतात. पाइपात पाणी साचून राहू नये म्हणून रिकाम्या खोल्यांतले नळही अधूनमधून सोडावे लागतात. पाणी वाया घालवता म्हणून तक्रारी येतात त्या वेगळ्याच.

(दृश्य : पुन्हा तोच कॉरिडॉर. दारावरची पाटी.)

सफाई कर्मचारी स्टुलावर बसलीय. बादली शेजारी. सुपरवायझर घाईघाईनं येतो, तिच्याकडे बघतो, मग पाटीकडे बघतो. अजून 12 मिनिटं आहेत.

तो काही न बोलता पुढच्या खोलीकडे वळतो.