पुढचं पान आलंच नाही

नमस्कार, श्रोतेहो.

ऐन रंगात आलेल्या आणि तिथेच थांबलेल्या गोष्टींबद्दल आज मला बोलायचंय. इंटरनेटवर चित्रकथा काढणाऱ्यांच्या, म्हणजे वेबकॉमिक्सच्या, जगात अशा गोष्टी शेकड्यांनी सापडतात. नायिका जिना चढून वर येते, दाराच्या कडीला हात घालते आणि पान संपतं. खाली चित्रकाराने लिहिलेलं असतं, 'पुढचं पान शुक्रवारी.' तारीख बघावी तर तो शुक्रवार कधीच उलटून गेलेला असतो. दार तसंच बंद.

ज्यांनी वेबकॉमिक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याकडे १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू सकाळी पेपरबरोबर घरात येऊ लागला. त्या तीन-चार चौकटींच्या मागे वर्तमानपत्राची अख्खी यंत्रणा उभी असायची. संपादक होता, छापखाना होता, पहाटे पेपर टाकणारा मुलगा होता आणि चित्रकाराला मानधनही मिळत होतं. वेबकॉमिकमध्ये हे सगळं एकच माणूस करतो. गोष्ट त्याची, चित्रं त्याची, अक्षरं त्याची, वेबसाइट चालवायची तीही त्यानेच आणि वाचकांना उत्तरंही त्यानेच द्यायची. बहुतेकांना त्याचे पैसे मिळत नाहीत. दिवसभर दुसरी नोकरी करून रात्री हे चाललेलं असतं.

माझी भाची ठाण्यात राहते आणि नोकरीला बेलापूरला जाते. पनवेल गाडी ठाण्याहूनच सुटते, त्यामुळे तिला बसायला मिळतं आणि तेवढ्या वेळात ती वहीत पुढच्या पानाचा कच्चा आराखडा काढायची. तिची गोष्ट ऐरोलीच्या खाडीकाठची. एक कोळीण आजी आणि तिची शाळकरी नात. खाडीत कुठे किती पाणी, भरती कधी, होडी कुठून न्यायची हे आजीला तोंडपाठ. नातीला त्याचा नकाशा काढायचाय आणि आजी म्हणते, कागदावर उतरवलंस की विसरशील. इतकी साधी गोष्ट, पण मी दर रविवारी तिची वाट बघायचे. साठेक पानं झाली आणि ती थांबली.

एकदा तिने मला टॅबलेटवर ते पुढचं, न झालेलं पान दाखवलं. वरच्या तीन चौकटी रंगवून पूर्ण होत्या. आजी गुडघाभर चिखलात उभी, हातातली होडीची दोरी ताणलेली, मागे तिवरांची काळपट हिरवी रांग. चिखलावरची चकाकी तिने इतकी हुबेहूब उतरवली होती की पाय रुतल्यासारखं वाटावं. चौथ्या चौकटीत मात्र फक्त निळ्या पेन्सिलीच्या रेघा. नातीने काहीतरी विचारलंय, आजीच्या तोंडाशी संवादाचा फुगा काढून ठेवलाय आणि फुग्यात काहीच लिहिलेलं नाही.

मी विचारलं, "अगं, आजी काय म्हणणार होती?"

ती म्हणाली, "ते ठरलंय मावशी. पण आधी मला पहिली पानं पुन्हा काढायचीत. आता बघवत नाहीत गं ती मला."

श्रोतेहो, वेबकॉमिक्स बंद पडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे आणि बाहेरच्या माणसाला ते चटकन लक्षात येत नाही. चित्रकार गोष्ट सुरू करतो तेव्हा त्याचा हात कच्चा असतो. आठवड्यामागून आठवडे काढता काढता हात बसतो. दोन वर्षांनी त्याला आपलंच पहिलं पान पोरकट वाटू लागतं. नवा वाचक तर पहिल्या पानापासूनच सुरुवात करणार! मग तो मागे फिरतो आणि सुरुवातीची पानं नव्याने काढायला घेतो. ती होईपर्यंत हात आणखी सुधारतो, आणि आता मधली पानं खटकू लागतात. गोष्ट जिथे अडली होती तिथे तो परत पोहोचतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की ती जुनी पानं तशीच राहू द्यावीत. वाचक त्याच पानांवर जीव लावून पुढे आलेला असतो. पहिल्या पानावरची वाकडी आजी आणि साठाव्या पानावरची सराईत आजी, दोघी मिळूनच ती गोष्ट होते.

दुसरं कारण वेळेचं. एक रंगीत पान म्हणजे आधी आराखडा, मग पेन्सिल, मग शाईच्या रेघा, रंग, सावल्या आणि शेवटी अक्षरं. आठ-दहा तास सहज जातात. आठवड्याला दोन पानं धरली तरी नोकरी सांभाळून वर वीस तासांचं काम आलं. आणि तरुण चित्रकारांच्या डोक्यात पहिलीच गोष्ट महाकथा असते. पाच राज्यं, चार पिढ्या, दीड हजार पानं. आठवड्याला दोन म्हणजे वर्षाला १०४ पानं. दीड हजार पानांना चौदा वर्षांहून जास्त काळ लागणार. विशीत सुरू केलेली गोष्ट पस्तिशीत संपणार. मधल्या काळात लग्न होतं, मूल होतं, नोकरी बदलते, आईवडील आजारी पडतात. कुणाच्याही आयुष्यात होणाऱ्या या गोष्टी आहेत, त्यात चित्रकाराचा दोष कुठे आला?

नावाजलेल्यांचंही हेच होतं. 'मेगाटोकियो' हे अमेरिकन वेबकॉमिक १४ ऑगस्ट २००० ला सुरू झालं. फ्रेड गॅलघर आणि रॉडनी कॅस्टन या दोघांनी मिळून ते काढलं. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, तिच्या धर्तीची चित्रं, टोकियोत अडकून पडलेले दोन मित्र. एके काळी जगातल्या सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या वेबकॉमिक्समध्ये त्याची गणना व्हायची, त्याची पुस्तकं निघाली. कॅस्टन २००२ मध्ये बाहेर पडले, गॅलघर एकट्याने काढत राहिले आणि पुढे पानं विरळ होत गेली. आठवड्याला तीन पानांची सवय लागलेला वाचक महिनोन् महिने वाट बघू लागला.

पूर्ण केलेल्यांची नावंही घ्यायलाच हवीत, कारण त्यांचं कौतुक फार कमी होतं. हॉवर्ड टेलर यांनी 'श्लॉक मर्सेनरी' १२ जून २००० ला सुरू केलं आणि २४ जुलै २०२० ला संपवलं. वीस वर्षं, रोज एक भाग, एकही दिवस खाडा नाही. शेनन गॅरिटी यांनी 'नार्बॉनिक' २००० मध्ये सुरू करून २००६ च्या ३१ डिसेंबरला ठरल्याप्रमाणे शेवटाला नेलं. अर्सुला व्हर्नन यांच्या 'डिगर'ला, गोष्ट पूर्ण झाल्यावर, २०१२ मध्ये विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. शेवटापर्यंत पोहोचलेलं वेबकॉमिक दिसलं की त्याच्यामागचं बळ मला पहिल्या पानापासून जाणवू लागतं.

आता पैशांचं. सुरुवातीच्या काळात छोट्या चित्रकारांना जाहिरातींतून थोडंफार मिळायचं. रायन नॉर्थ हे स्वतः वेबकॉमिक काढणारे. त्यांनी २००६ मध्ये 'प्रोजेक्ट वंडरफुल' नावाची जाहिरातींची व्यवस्था उभी केली. त्यात एक कॉमिक दुसऱ्या कॉमिकच्या पानावर अगदी थोड्या पैशांत जाहिरात लावू शकायचं. वाचक एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीवर असेच पोहोचायचे. २०१८ मध्ये ती बंद झाली. त्याआधी, २०१३ मध्ये, गूगल रीडर बंद झालं होतं आणि नवीन पान आल्याची खबर वाचकापर्यंत नेणारी सोयीची वाट गेली होती. त्याच वर्षी पेट्रिऑन ही वेबसाइट आली, तिच्यावरून वाचक चित्रकाराला दरमहा थोडे पैसे देऊ लागले. काहींचं घर त्यावर चाललं. पण पैसे घेतले की दडपणही येतं. महिनाभर पान झालं नाही की चित्रकाराला अपराधी वाटू लागतं, आणि तो वाचकांसमोर यायचंच टाळतो.

शरीर आणि मन यांचाही विचार करायला हवा. 'ऑर्डर ऑफ द स्टिक' हे वेबकॉमिक काढणारे रिच बर्लू यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला २०१२ मध्ये मोठी जखम झाली. त्यांनी वाचकांना ते सांगितलं, काम थांबवलं आणि हात बरा झाल्यावर परत आले. वाचक थांबले. ॲली ब्रॉश यांची 'हायपरबोली अँड अ हाफ' ही चित्रकथा लाखो लोक वाचत होते. २०११ मध्ये त्यांनी आपल्या नैराश्याबद्दल चित्रांतून सांगितलं आणि दीड वर्षाहून जास्त काळ त्या गप्प झाल्या. २०१३ मध्ये परतल्या तेव्हा त्याच आजाराविषयी त्यांनी जे काढलं, ते वाचून कितीतरी लोकांना आपल्या घरातल्या माणसाचं दुःख कळलं. मग पुन्हा मोठी शांतता, आणि २०२० मध्ये दुसरं पुस्तक. त्या गप्प असताना कुणी त्यांना आळशी म्हटलं असतं, तर ते किती चुकीचं ठरलं असतं!

म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. फुकट वाचलेल्या गोष्टीचा शेवट हक्काने मागू नका. "पुढचं पान कधी?" हा प्रश्न शंभर जणांनी विचारला की त्याचं ओझं होतं. त्याऐवजी कुठलं पान आवडलं, का आवडलं, ते लिहा. माझ्या भाचीला एका अनोळखी वाचकाने कळवलं होतं की आजीचा पदर खोचायची पद्धत अगदी त्याच्या आजीसारखी आहे. त्यानंतरची दोन पानं तिने एका आठवड्यात काढली.

चित्रकारांकडेही माझं एक मागणं आहे. थांबायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण थांबताना दोन ओळी लिहा. 'ही गोष्ट मी इथे सोडते आहे' एवढं पुरे. वाचक हळहळेल आणि मोकळा होईल. जमलं तर पुढे काय होणार होतं तेही साध्या शब्दांत लिहून टाका, कच्ची चित्रं असतील तर तशीच लावा. शेवट मनात ठरला असेल तर तो एखाद्या मित्राला तरी सांगून ठेवा. जपानी चित्रकार केंतारो मिउरा २०२१ मध्ये अचानक गेले. त्यांची 'बर्सर्क' ही मांगा तीसहून जास्त वर्षं चालू होती. छापील नियतकालिकातली, पण अर्ध्यावर राहिलेलीच. मिउरांनी गोष्टीचा शेवट खूप आधी आपले मित्र कोजी मोरी यांना सांगितला होता. त्या आठवणीच्या आधारावर मिउरांच्या सहकाऱ्यांनी २०२२ पासून ती पुढे सुरू केली.

गोष्ट अपुरी राहिली याहून मला जास्त टोचतं ते तिची झालेली पानंही नाहीशी होणं. आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. एखादं मासिक बंद पडलं आणि त्यातली लेखमाला मधेच तुटली, तरी छापलेले अंक कुठल्यातरी कपाटात राहतात. पिवळे पडतात, पण हातात घेता येतात. वेबकॉमिकचं तसं नाही. डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, वर्षाचं भाडं भरायचं राहिलं की वेबसाइट गेली. 'स्मॅक जीव्ज' या साइटवर हजारो हौशी चित्रकारांची कॉमिक्स होती. ती ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली. नेमक्या त्याच दिवशी ॲडोबी कंपनीने वेबपानांवर हलती चित्रं दाखवणारं आपलं फ्लॅश हे सॉफ्टवेअर बंद केलं आणि फ्लॅशमध्ये हलती-बोलती केलेली जुनी कॉमिक्स ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. त्यांतली काही पंधरा-पंधरा वर्षांची मेहनत होती. चित्रकाराचा जुना संगणक बिघडलेला असेल तर त्याच्याकडेही प्रत उरलेली नसते.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या हातातला आहे. ब्रूस्टर काहल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं इंटरनेट आर्काइव्ह वेबपानांच्या प्रती जपून ठेवतं. त्यांच्या वेबॅक मशीनवर कुठल्याही पानाचा पत्ता टाकून 'हे पान साठवा' असं आपणही सांगू शकतो. मिनिटभराचं काम आहे. तुमच्या आवडीचं एखादं कॉमिक थांबलेलं असेल, मराठीतलं असेल तर आवर्जून, आज रात्री त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा पत्ता तिथे टाका. वेळ मिळेल तशी मधली पानंही टाका, कारण एक पान टाकलं म्हणजे अख्खं कॉमिक साठवलं जात नाही.

आणि ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ इथे बसून जी मुलं-मुली रात्री टॅबलेटवर काढत असतील त्यांना सांगते. पहिली गोष्ट वीस पानांची करा. सगळी वीस पानं काढून झाल्यावरच पहिलं पान लोकांसमोर ठेवा. मूळ फाइल्स दोन ठिकाणी ठेवा, त्यांतली एक घराबाहेर, मित्राकडे. वीस पानं संपवली की हाताला शेवट करायची सवय लागते, आणि मग चाळीस पानांची गोष्ट घ्यायला हरकत नाही. माझ्या भाचीने आता पहिली पानं पुन्हा काढायचा नाद सोडलाय. आजी आणि नातीची राहिलेली गोष्ट ती काळ्या-पांढऱ्या रेघांत, रंग न भरता, बारा पानांत संपवणार आहे. आजी काय म्हणते ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

नमस्कार.