दिसतंय खरं, पण दाखला आणा

(सांगलीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं हे संपादित शब्दांकन.)

मंडळी, नमस्कार.

हळद शेतात पिकते की नाही? हसू नका. हा प्रश्न आपल्या राज्यात रीतसर विचारला गेलाय, त्याच्यावर सुनावणी झालीय आणि उत्तर आलं होतं 'नाही'. २०२१ च्या अखेरची गोष्ट. आपल्या सांगलीतल्याच एका अडत्यानं जीएसटीच्या प्राधिकरणाकडे विचारणा केली. शेतकरी माझ्याकडं हळद आणतो, मी सौद्यात लावतो, त्यावर अडत घेतो. हळद शेतीमाल असेल तर माझ्या अडतीवर कर बसत नाही. तर मला एवढंच सांगा, की हळद शेतीमाल आहे ना? प्राधिकरणानं कागद बघितले, कलमं बघितली आणि सांगितलं, की वाळलेलं हळकुंड हा शेतीमाल धरता येत नाही. का? तर ते शिजवलेलं असतं, वाळवलेलं असतं, पॉलिश केलेलं असतं.

आता इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात हळद पिकते, उरलेल्यांच्या घरात निदान विकली तरी जाते. ओली हळद काढून, मातीसकट पोत्यात भरून मार्केट यार्डात नेली तर सौद्याला कोण उभं राहील? न शिजवता ठेवली तर ती चार दिवसांत कोंब काढेल नाहीतर कुजेल. शिजवणं, उन्हात पसरणं, ड्रममध्ये फिरवणं हे सगळं शेतकरीच करतो, तेही स्वतःच्या रानात, स्वतःच्या खर्चानं. पण कायद्याच्या नजरेत तिला आधण आलं आणि ती शेतातून उठून कारखान्यात जाऊन बसली.

यातली खरी बहार पुढं आहे. २०१८ साली याच हळदीला सांगलीच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं होतं. म्हणजे एका सरकारी कार्यालयानं शिक्का मारून दिला, की ही हळद अशी आहे ती इथल्या मातीमुळं. आणि तीन वर्षांनी दुसऱ्या कार्यालयानं सांगितलं, की मातीचा आणि हिचा संबंध शिजवताना तुटला. दोन्ही कागद खरे. दोन्हींवर सही आहे. पुढं अपिलात निर्णय फिरला आणि हळद पुन्हा शेतीमाल झाली. हळदीला याचा पत्ताही नसावा.

हा किस्सा मी कराविषयी बोलायचं म्हणून सांगितला नाही. कराचं गणित सांगायला गावात सीए आहेत आणि ते माझ्यापेक्षा कमी वेळ घेतात. मला गंमत वाटते ती आपल्या सगळ्यांना जडलेल्या एका खोडीची. जे डोळ्यांना लख्ख दिसतंय त्याला आपण दाखला मागतो आणि ज्याला ना शेंडा ना बुडखा, ते बिनदाखल्याचं गिळतो. आजचं बोलणं एवढंच आहे, बाकी सगळी उदाहरणं.

डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची पंचावन्नावी बैठक झाली. देशभरचे अर्थमंत्री राजस्थानच्या वाळवंटात जमले आणि तिथून बातमी कशाची आली, तर पॉपकॉर्नची. मीठ-मसाल्याचा सुटा पॉपकॉर्न ५ टक्के. तोच पाकिटात बांधून वर नाव छापलं की १२. आणि साखरेच्या पाकात घोळवला की १८, कारण मग तो मिठाईच्या पंगतीत गेला. सरकारचा खुलासा असा, की हा नवा कर नव्हे, आधीपासून असंच होतं, आम्ही फक्त समजावून सांगितलं. हे बाकी खरं होतं. समजावून सांगितल्यावरच लोकांना कळेनासं झालं. २०२५ च्या सप्टेंबरात कराचे टप्पे कमी झाले तेव्हा खारा पॉपकॉर्न सुटा काय नि पाकिटातला काय, ५ वर आला. गोडाचे १८ कायम राहिले.

मला ही बातमी वाचून काळजी वाटली ती आपल्या भडंगाची. चुरमुरे सुटे घ्या, कर नाही. २०२२ च्या जुलैपासून तेच चुरमुरे छापील पाकिटात बांधले की ५ टक्के. त्याला लसूण, तिखट, शेंगदाण्याची फोडणी दिली की तो फरसाणाच्या रांगेत उभा राहिला. इथपर्यंत ठीक. पण आपल्याकडं भडंगावर शेवटी चिमूटभर पिठीसाखर भुरभुरतात. हे दिल्लीला कळू देऊ नका. सभागृहात कुणी त्या खात्याचं असेल तर त्यांनी हे वाक्य ऐकलं नाही असं समजावं.

बरं, २०२१ च्या अखेरीलाच, म्हणजे हळद शेतीमाल आहे का याचा खल चालला होता त्याच सुमाराला, आपल्या मार्केट यार्डात गवा शिरला होता. आठवतंय? चांगला धिप्पाड. त्याच वर्षी मार्चअखेर राजवाडा चौकात बिबट्या आला होता. दोन्ही वेळा लोकांची पहिली प्रतिक्रिया एकच, 'फेकू नका.' माझ्या ओळखीचे एक हमाल त्या गव्याबद्दल सांगत होते. म्हणाले, "मास्तर, मी घरी फोन केला, यार्डात गवा आलाय. बायको म्हणाली, सकाळी सकाळी घेतली काय?" शेवटी वनखात्याची गाडी आली, टीव्हीवर दिसलं, तेव्हा घरच्यांनी मानलं.

आता उलट बाजू बघा. विश्रामबागेत आम्ही राहतो त्या कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर मध्यंतरी रात्री बिबट्याचा फोटो आला. 'आपल्या गल्लीत, आत्ता, सावध राहा, पुढे पाठवा.' फोटोत बिबट्या ऐटीत उभा. मागं देवदारासारखी झाडं. विश्रामबागेत देवदार! दुकानाच्या पाटीवर अक्षरं अशी, की ती मराठी नाहीत, कानडी नाहीत, पृथ्वीवरच्या कुठल्याच भाषेची नाहीत. यंत्रानं काढलेलं चित्र, शेंबड्या पोराला कळावं. पण त्या रात्री आख्ख्या गल्लीनं दारं लावून घेतली. मी ग्रुपवर लिहिलं, 'हा फोटो खोटा दिसतोय.' तर एक निवृत्त साहेब आहेत आमच्याकडं, त्यांनी मला उलट विचारलं, 'तुमच्याकडं पुरावा आहे का?' म्हणजे खऱ्या गव्याला दाखला लागला आणि खोट्या बिबट्याला घरपोच विश्वास मिळाला.

पुराच्या दिवसांत हे आणखी चढतं. ऑगस्ट उजाडला, की सांगलीकर एकमेकांना तब्येत विचारत नाहीत. 'आयर्विनला किती?', म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर, हा नमस्कार. '३८.' 'बरं चाललंय म्हणायचं.' ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे पहिलीतल्या पोराला पाढ्याच्या आधी येतं. कोयनेचे १०५ टीएमसी, अलमट्टीचे दरवाजे, किती क्युसेक सोडलं, चहाच्या टपरीवर याच्यावर जी चर्चा चालते ती ऐकून पाटबंधारे खात्यानं वही घेऊन बसावं. आणि ५० च्या वर गेलं की आपण काय करतो? पाणी बघायला जातो! पोलीस काठी घेऊन उभे, माणसं पोरं कडेवर घेऊन उभी. एकजण भडंगाचा गाडा लावून उभा.

पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांवर पाणी गेलं तेव्हा हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. माणसं गेली, जनावरं दावणीला मेली, पेठांमधली दुकानं पाण्याखाली राहिली. त्या दिवसांत एक शासन निर्णय निघाला होता. पूरग्रस्त कुटुंबाला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मोफत. अट अशी, की क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात बुडालेलं पाहिजे. मी तो कागद वाचला आणि माझ्या डोळ्यासमोर एक माणूस आला. माळ्यावर बसलाय. खाली पाणी. हातात घड्याळ. दीड दिवस झालाय आणि पाणी उतरायला लागलंय, आणि हा वरून ओरडतोय, 'थांब गं कृष्णामाई, अजून अर्धा दिवस!' पुढं जी धान्याची पाकिटं आली त्यावर नेत्यांचे फोटो चिकटवलेले होते. गहू कुणाचा हे गव्हावरून कळत नाही म्हणून असेल.

पाणी ओसरल्यावर पंचनाम्याचा अध्याय. घर धुऊ नका, आधी पंचनामा होऊ द्या. भिंतीवर चिखलाची रेघ आहे ना, तीच तुमचा दाखला. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी ती रेघ दिवाळीपर्यंत सांभाळली. पोरांना त्या भिंतीकडं खेळू देत नसत. पाहुणा टेकून बसला तर म्हणत, "भावजी, जरा अलीकडं सरा, रेघ पुसंल." पंचनामा करणारे साहेब आले, त्यांनी रेघ बघितली, फोटो काढला आणि विचारलं, "हे पाणी पुराचंच होतं ना?" काकू मला नंतर म्हणाल्या, "मी काय सांगायला पायजे होतं? नळ चालू राहिला म्हणून?"

आता बहिणींचं. २०२४ च्या जुलैपासून लाडक्या बहिणींना महिना १५०० रुपये सुरू झाले. त्या योजनेवर भलंबुरं बोलायला निवडणुका आहेत, मी बोलत नाही. पुढं तपासणी झाली तेव्हा सरकारलाच आढळलं, की १४ हजारांवर लाभार्थी पुरुष आहेत. पुरुष! हे आत शिरले तेव्हा कुणी काही विचारलं नाही. मग २०२५ मध्ये बहिणींना ई-केवायसी लागली. त्यात बहिणीचा आधार तर हवाच, शिवाय नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी. आता विधवा बाईनं काय करायचं? वडीलही नसतील तर? आमच्या कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात मी स्वतः ऐकलंय. मशीनवरचा पोरगा, बिचारा तोही दमलेला, म्हणाला, "मावशी, मालकांचा ओटीपी सांगा." मावशी म्हणाल्या, "मालक वर गेल्यात." पोरगा मान खाली घालूनच म्हणाला, "मग बोलवा की खाली." त्याला वाटलं, माडीवर गेलेत. रांगेतल्या बायका आधी गप्प झाल्या आणि मग इतक्या हसल्या, की मावशींनाही हसू आवरेना. पुढं बराच गवगवा झाल्यावर अशा बहिणींसाठी वेगळी सोय झाली, मुदतही वाढली. पण चौदा हजार भावांना जे घरबसल्या जमलं त्यासाठी त्या मावशींना कितीदा यावं लागलं, हे त्यांनाच माहीत.

नोव्हेंबर महिना माझा सगळ्यात आवडता. त्या महिन्यात आपण सगळे पेन्शनर जिवंत असतो. बाकीच्या महिन्यांत असतोच, पण नोव्हेंबरात लेखी असतो. हयातीचा दाखला! ८० च्या पुढच्यांना केंद्रानं ऑक्टोबरपासूनच सवलत दिलीय, म्हणजे त्यांना एक महिना आधी जिवंत होता येतं. २०१४ पासून हे डिजिटल झालं. अंगठा ठेवा, आधारशी जुळला की तुम्ही आहात.

माझ्या आईला वडिलांची फॅमिली पेन्शन मिळते. मी तिला बँकेत घेऊन गेलो. तिनं आयुष्यभर भाकऱ्या थापल्या, भांडी घासली. बोटांवरच्या रेषा कधीच्या गेल्या. अंगठा लागेना. पुसून बघितला, खोबरेल लावून बघितला, दुसऱ्या हाताचा बघितला. आई काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "अगं बाई, मी आलेय की हितं." मुलगी गोड होती. म्हणाली, "आलाय ओ आजी, दिसताय मला. पण सिस्टिममध्ये यायला पाहिजे."

मग चेहऱ्याचा प्रयोग. मोबाइल समोर धरायचा आणि पापणी लवायची. फोटो धरून कुणी फसवू नये म्हणून ही युक्ती, आणि युक्ती चांगलीच आहे. पण आईला सांगितलं 'डोळे मिटा', तर तिनं मिटले ते मिटलेच. तिला वाटलं, उघडायचं पण सांगतील. मोबाइल वाट बघतोय, मुलगी वाट बघतेय, आई शांत बसलीय. शेवटी ती मुलगी घाबऱ्या घाबऱ्या ओरडली, "आजी! आजी, डोळे उघडा!" मागं रांगेत सगळे पेन्शनर. एका क्षणात सगळी रांग उभी राहिली. एकानं पाण्याची बाटली काढली. आईनं डोळे उघडले आणि विचारलं, "झाली का हयात?"

उत्तर प्रदेशात आझमगड जिल्ह्यातले लाल बिहारी यांच्यापुढं आमची आई काहीच नाही म्हणा. नातेवाइकांनी जमिनीसाठी त्यांना कागदावर मारलं, आणि १९९४ पर्यंत ते सरकारदप्तरी मृतच होते. त्यांनी मृतांचा संघ काढला, निवडणुकीला उभे राहिले, आणि २००३ साली त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामांना देतात ते नोबेलच्या नकलेचं बक्षीस. जिवंत माणसानं निवडणूक लढवायची ती जिंकायला, हे लढले ते आपण आहोत एवढं छापून यावं म्हणून.

वेळ झालीय, चिठ्ठी आली. चिठ्ठीत मात्र वेळेचं काही नाही. कार्यवाह लिहितात, की अनुदानासाठी कार्यक्रमाचा जिओटॅग फोटो लागतो, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांशासकट. तो काढल्याशिवाय व्याख्यान झालं असं धरत नाहीत. तेव्हा मागच्या मंडळींनी कृपा करून पुढं या, मधल्या रिकाम्या खुर्च्या भरा. त्या कोपऱ्यातल्या काकांना उठवू नका, त्यांना नुसतं सरळ बसवा. आणि माइक माझ्या हातात राहू दे, मी बोलतोय असं दिसायला पाहिजे.