दोन हस्ताक्षरं

मंडळी, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलवर बोलायला उभा राहिलेला माणूस दुसऱ्याच वाक्यात साने गुरुजींवर येतो. मी जरा उशिरा येणार आहे, एवढाच फरक.

गाव बोरी नदीच्या काठचं. सखाराम महाराजांची गादी, सुरत-भुसावळ रेल्वे आणि प्रतापशेठांची कापडगिरणी. शेठजींनी पैसा नुसता गिरणीत गुंतवला नाही. १९१६ साली त्यांनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं. खानदेश शिक्षण मंडळाच्या शाळेलाही हात दिला, म्हणून शाळेला त्यांचं नाव. त्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासाला आलेले पांडुरंग सदाशिव साने तिथे काही रमले नाहीत. १९२४ साली ते या शाळेत शिक्षक झाले आणि १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीसाठी नोकरी सोडून गेले. हिशेब करा, सहा वर्षं! आमच्यासारख्यांना तेवढ्यात पोर्शन संपवायची युक्तीसुद्धा साधत नाही.

वर्गात ते शिकवत होतेच, पण त्यांची खरी शाळा भरायची छात्रालयात. आसपासच्या खेड्यांत तेव्हा हायस्कूल कुठलं? मराठी शाळा संपली की पोरगं वळकटी बांधून अमळनेरला यायचं, तोंडात अहिराणी. पोरं बाहेर गेली की हा गृहस्थ त्यांच्या खोल्या झाडायचा, कंदिलाच्या काचा पुसून ठेवायचा. शिवाय छात्रालयाचं दैनिक स्वतःच्या हातानं लिहून काढायचा. प्रत एकच, तीच सगळ्यांनी वाचायची. ‘विद्यार्थी’ हे छापील मासिक नंतरचं, १९२८चं. यातलं एकही काम वेळापत्रकात नव्हतं.

आता दुसरं हस्ताक्षर. हे फक्त अमळनेरचं नाही, कुठल्याही जुन्या शाळेच्या कचेरीत सापडेल. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या पोरांची नोंदवही. टाक दौतीत बुडवून कारकून विचारायचा, पोराची जन्मतारीख काय? बाप म्हणायचा, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पुढंमागं कधीतरी. की लिहिली १ जून! निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मला तो असा. हसू नका, तुमच्यातही असतील. पण त्याच कारकुनानं जातीच्या रकान्यात लिहिलेल्या शब्दावर आज नातवाची जातपडताळणी अडते किंवा सुटते. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा शाळांची हीच पिवळी पानं उलगडली गेली. ती लिहिणाऱ्याला शाळेच्या स्मरणिकेत कधी ओळभर जागा मिळालेली मी पाहिली नाही. देणगीदारांचे फोटो मात्र पानभर.

म्हणून शाळेचा इतिहास लिहिणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. गुरुजींवर लिहा, भरपूर लिहा. पण जुनी पगारपत्रकंही काढा आणि कारकुनांची, घंटा देणाऱ्या शिपायांची, छात्रालयाच्या स्वयंपाक्यांची नावं उतरवून घ्या. वाळवीनं काही शिल्लक ठेवलं असेल तर.