लाल चिठ्ठी, काळी चिठ्ठी

(दृश्य : शाळेचं सभागृह. छताचे पंखे. उघड्या अंगानं ओळीत बसलेली मुलं.)

एप्रिल महिना. थायलंडमध्ये ऊन अगदी कळस गाठतं ते आता. शाळेला सुट्टी आहे, तरी सभागृह सकाळपासून भरलंय. कडेला आया, आज्या, मावश्या; एकीच्या मुठीत ताईत. मधोमध एकवीस वर्षांची पोरं. उंची मोजून झाली, छातीचा घेर मोजून झाला, आता फक्त नशीब मोजायचं राहिलंय.

त्या टेबलावरचं भांडं बघा. पुकारा झाला की उठायचं, हात वर करून बोटं पसरून दाखवायची, मग हात भांड्यात घालायचा. काळी चिठ्ठी निघाली तर घरी. लाल निघाली तर लष्करात, जास्तीत जास्त दोन वर्षं.

(दृश्य : लाल चिठ्ठी. मुलगा मटकन खाली बसतो. इथे निवेदन नाही, सभागृहाचा आवाज तसाच राहू द्यावा.)

पहिल्या ओळीत लांब केसांच्या, नखं रंगवलेल्या दोघी बसल्यात. कागदोपत्री त्या पुरुषच, म्हणून त्यांनाही हजर राहावं लागतं, हातात दवाखान्याचा दाखला घेऊन. शाळेत असतानाच तीन वर्षं राखीव दलाचं प्रशिक्षण पुरं केलेली मुलं इथे दिसणार नाहीत, त्यांना सूट आहे. ज्याची शाळा लवकर सुटली त्याला ती वाट नाही. ओळीतल्या पोरांचे तळहात कॅमेऱ्यात जवळून आलेत. ते कुणाच्या घरचे, हे वेगळं सांगायला नको.

लष्कर म्हणजे काय, हे इथल्या साध्या घराला कळतं ते या भांड्यापाशी. बँकॉकला मात्र ते दुसऱ्याच रूपात दिसतं.

(दृश्य : बँकॉक, लोकशाही स्मारक. चारही बाजूंनी वाहनं. कॅमेरा पंखांवरून खाली उतरतो.)

हे लोकशाही स्मारक. 1940 मध्ये त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा सरकारचा प्रमुख एक लष्करी अधिकारीच होता. चार पंख, प्रत्येकाची उंची 24 मीटर, कारण 24 जूनला राजाची निरंकुश सत्ता संपली. ते साल 1932, थाई पंचांगात 2475, म्हणून भोवती 75 तोफा जमिनीत रोवल्यात. आता पंखांच्या तळाशी कोरलेली ही शिल्पं बघा. रायफल, शिरस्त्राण, पुन्हा रायफल. लोकशाहीच्या स्मारकावर ज्यांनी स्वतःला कोरून घेतलं, त्यांनी 1932 नंतर ती बारा वेळा बाजूला सारली. फसलेले उठाव यात धरलेले नाहीत.

इथून थोड्या अंतरावर, राजवाड्याजवळच्या चौकात, 1932 च्या क्रांतीची एक छोटी पितळी चकती रस्त्यात बसवलेली होती. एप्रिल 2017 मध्ये ती नाहीशी झाली आणि तिच्या जागी दुसरीच आली, क्रांतीचं नावही नसलेली.

(दृश्य : जुनं चित्रण. चौकोनी चेहरा, हसरा, गावकऱ्यांच्या गराड्यात.)

थाक्सिन शिनावात. चियांग माईजवळच्या सान कांफेंगचा. आधी पोलीस अधिकारी, मग संगणक आणि मोबाईलच्या धंद्यात अब्जाधीश. 1998 मध्ये त्यानं पक्ष काढला, 2001 मध्ये पंतप्रधान झाला. त्याच्या आधीचे नेते खेड्यात मतं विकत घ्यायला जायचे. थाक्सिननं खेड्याला सांगितलं, सरकारी दवाखान्यात या, एका खेपेला 30 बाट द्या, आजार कुठलाही असो. शिवाय दर गावाला दहा लाख बाटांचा कर्जनिधी. ईशान्येकडच्या भातशेतीच्या मुलखात आजही म्हातारी माणसं 30 बाट हा आकडा नातवाच्या नावासारखा उच्चारतात. 2005 च्या निवडणुकीत त्याला 500 पैकी 377 जागा मिळाल्या. निवडून येऊन पूर्ण चार वर्षं काढलेला हा देशाचा पहिला पंतप्रधान.

तो साधू नव्हता. 2003 मधल्या त्याच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत तीन महिन्यांत दोन हजारांहून जास्त माणसं मारली गेली. 25 ऑक्टोबर 2004 ला दक्षिणेत ताक बाई इथे निदर्शकांना पकडून लष्कराच्या ट्रकमध्ये एकावर एक रचलं गेलं. 78 जण वाटेत गुदमरून मेले. त्या दिवशी लोकनेता आणि लष्कर यांच्यात काहीही भांडण नव्हतं.

(दृश्य : रात्र. ओले रस्ते. रणगाड्यांच्या तोफांना पिवळ्या फिती.)

भांडण झालं ते बदल्या-बढत्यांवरून, राजवाड्याजवळच्या वर्तुळात कोणाचं वजन किती यावरून, आणि जानेवारी 2006 मध्ये त्याच्या कुटुंबानं दूरसंचार कंपनी सिंगापूरला 73 अब्ज बाटांना विकली, करापोटी छदामही न भरता, त्यावरून. 19 सप्टेंबर 2006. थाक्सिन संयुक्त राष्ट्रांच्या अधिवेशनासाठी न्यूयॉर्कला. इकडे लष्करप्रमुख जनरल सोन्थी यांचे रणगाडे बाहेर पडले. पिवळी फीत, पिवळा हा राजाचा रंग. सकाळी काय झालं ते पडद्यावर दिसतंच आहे. बँकॉकची माणसं सैनिकांना फुलं देतायत, लेकराला रणगाड्यावर बसवून फोटो काढतायत. हे लोक नकली नाहीत, कुणी आणून उभे केलेले नाहीत. शहराला थाक्सिन नकोच होता. हे मान्य केल्याशिवाय पुढची वीस वर्षं कळत नाहीत.

मग थाक्सिनचा पक्ष विसर्जित झाला, तीच माणसं नव्या नावानं निवडून आली. 2008 मध्ये एका पंतप्रधानाला टीव्हीवर स्वयंपाक करून दाखवल्याबद्दल न्यायालयानं घरी पाठवलं. त्याच वर्षाअखेर पिवळ्या शर्टवाल्यांनी, म्हणजे थाक्सिनच्या विरोधकांनी, विमानतळ ताब्यात घेतला. 2010 मध्ये लाल शर्टवाले, म्हणजे थाक्सिनचे समर्थक, रस्त्यावर आले, लष्करानं गोळ्या चालवल्या, नव्वदहून जास्त मेले.

2011 मध्ये थाक्सिनची धाकटी बहीण यिंगलक बहुमतानं निवडून आली.

(दृश्य : आर्मी क्लबचं फाटक. काळ्या काचांच्या गाड्या आत जातात.)

22 मे 2014. दोन दिवसांपूर्वीच लष्करी कायदा पुकारलेला. लष्करप्रमुख प्रयुथ चान-ओचा यांनी सगळ्या पक्षांना आर्मी क्लबमध्ये बोलावलंय, समेटासाठी. यिंगलकला न्यायालयानं पंधरवड्यापूर्वीच हटवलंय, उरलंय काळजीवाहू सरकार. चर्चेचा हा दुसरा दिवस. प्रयुथ सरकारच्या बाजूनं बसलेल्यांना विचारतात, राजीनामा देणार का? उत्तर येतं, आत्ता तरी नाही. मग मी सत्ता हातात घेतो, असं सांगून जनरल उठतात. समेटाला आलेले पुढारी तिथून लष्कराच्या गाड्यांतच बाहेर पडतात.

आत कॅमेरा नव्हता. बाहेरचं हे चित्रण मात्र पुरेसं बोलकं आहे. फाटक उघडतं, गाड्या निघतात, खिडकीत ओळखीचा एकही चेहरा दिसत नाही. संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर लष्कराची बोधचिन्हं आणि देशभक्तीची गाणी. रात्री दहा ते पहाटे पाच संचारबंदी.

आणि आता गंमत बघा. थाक्सिनवर लष्कराचा मोठा राग कशावरून? तो म्हणे लोकानुनय करतो. पण सत्तेवर आल्यावर जनरलसाहेब दर शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीवर येऊन जनतेला आनंद परत देण्याच्या गोष्टी सांगू लागले. गाण्याचे शब्दही स्वतः लिहिले. पुढे गरिबांसाठी कल्याण-कार्डंही निघाली.

(दृश्य : पत्रकार, माईक. शेजारी प्रयुथ यांची पूर्णाकृती पुठ्ठ्याची प्रतिमा.)

हे जानेवारी 2018. प्रयुथ बोलून निघताना स्वतःचा हा पुठ्ठा माईकपुढे उभा करवतात आणि पत्रकारांना सांगतात, राजकारणाचं काय विचारायचं ते याला विचारा. पुठ्ठा हसतोय. त्याच्या महिनाभर आधी मंत्रिमंडळाच्या फोटोच्या वेळी उपपंतप्रधान प्रवित यांनी उन्हासाठी डोळ्यांवर हात धरला आणि मनगटावरचं महागडं घड्याळ चमकलं. मग लोकांनी जुने फोटो चाळून वीसेक घड्याळं शोधली. दिवंगत मित्राची, वापरायला घेतलेली, असा खुलासा आला. चौकशी समितीला तो पटला.

हसून झालं असेल तर आता हिशेब करू, कारण खरी करामत पुठ्ठ्यात नाही, इथे आहे.

(दृश्य : संसदेचं सभागृह, वरून. पडद्यावर आकडे.)

2017 ची राज्यघटना. खालचं सभागृह 500 जणांचं, लोकांनी निवडलेलं. वरचं, म्हणजे सिनेट, तेव्हा 250 जणांचं, लष्करी राजवटीनं निवडलेलं. त्यातल्या सहा जागा तर हुद्द्यानंच ठरलेल्या : तिन्ही दलांचे प्रमुख, सरसेनापती, संरक्षण खात्याचे सचिव आणि पोलीसप्रमुख. उरलेल्यांत प्रयुथ यांचा सख्खा भाऊही होता. आणि पहिली पाच वर्षं पंतप्रधान निवडताना दोन्ही सभागृहांनी एकत्र मतदान करायचं.

एकूण 750. बहुमत 376. ज्याच्या खिशात 250 आधीच आहेत त्याला लोकांकडून हवेत फक्त 126. ज्याच्याकडे ते नाहीत त्याला 500 मधले 376, म्हणजे चारांतले तीन. भांड्यात चिठ्ठ्या कोणी घातल्या, किती लाल किती काळ्या, हे एकाच बाजूला ठाऊक होतं.

5 जून 2019. प्रयुथ यांना 500 मतं, विरोधकाला 244. सिनेटचे अध्यक्ष तटस्थ राहिले. बाकी 249 पैकी 249 प्रयुथ यांच्या बाजूनं. शाळेतल्या सोडतीतसुद्धा इतकी एकसारखी चिठ्ठी निघत नाही.

(दृश्य : 2023, प्रचार. नारिंगी रंग. ट्रकच्या टपावर उभा तरुण उमेदवार.)

14 मे 2023. या खेपेला निकालानं दोघांनाही धक्का दिला. पहिला आला तो थाक्सिनचा पक्ष नव्हे आणि जनरलांचाही नव्हे. मूव्ह फॉरवर्ड, 151 जागा. नेता पिटा लिमजारोएनरात, बेचाळीस वर्षांचा. जाहीरनाम्यात सक्तीची भरती बंद करू असं लिहिलेलं. लष्कराच्या मालकीचे धंदे, अधिकाऱ्यांच्या बंगल्यांवर भांडी घासायला पाठवले जाणारे शिपाई, हे सगळं या पोरांनी चव्हाट्यावर मांडलं. राजाच्या बदनामीचा कायदा बदलू असंही म्हटलं, आणि तिथेच त्यांचं दार बंद झालं.

13 जुलैला मतदान. पिटा यांना 324. सिनेटमधून तेरा. आठवडाभरानं सभागृह भरलेलं असतानाच न्यायालयाचा आदेश आला, सदस्यत्व स्थगित. हे चित्रण आम्ही पुन:पुन्हा बघितलं. तो ओळखपत्र काढतो, टेबलावर ठेवतो, मूठ उंचावतो आणि चालू लागतो.

(दृश्य : ओळखपत्र, टेबल. पाच सेकंद.)

22 ऑगस्ट 2023. सकाळी खासगी विमान उतरतं. पंधरा वर्षं परदेशी राहिलेला थाक्सिन राजाच्या तसबिरीपुढे गुडघे टेकतो. दुपारी त्याच्या पक्षाचा उमेदवार स्रेथा पंतप्रधान म्हणून निवडून येतो, जनरलांच्या दोन पक्षांना सोबत घेऊन, सिनेटच्या मतांसह. थाक्सिनला आठ वर्षांची शिक्षा. पहिल्याच रात्री तुरुंगातून पोलीस रुग्णालयात. थोड्याच दिवसांत राजाच्या कृपेनं शिक्षा एक वर्षावर. निवडणुकीआधी उठाववाल्यांशी हातमिळवणी नाही असं सांगणाऱ्या पक्षाध्यक्षानं शब्दाखातर पद सोडलं. त्या दिवसांत तेवढाच एक माणूस लाजलेला दिसला.

मूव्ह फॉरवर्ड ऑगस्ट 2024 मध्ये विसर्जित. पिटा यांना राजकारणात दहा वर्षं बंदी. त्याच ऑक्टोबरात ताक बाईच्या खटल्याची वीस वर्षांची मुदत संपली, एकाही आरोपीला अटक न होता. तेव्हा पंतप्रधान होती थाक्सिनची मुलगी पेतोंगतार्न.

(दृश्य : सीमेवरचं जंगल. मग फोनचं ध्वनिमुद्रण, पडद्यावर लहरी.)

तिला तारलं लष्कराच्या पाठिंब्यानं, घालवलं लष्कराबद्दलच्या दोन वाक्यांनी. जून 2025. कंबोडियाशी सीमेवर तणाव. ती कंबोडियाचा माजी पंतप्रधान हुन सेन याला फोन करते, काका म्हणते, आणि आपल्याच सीमेवरच्या सेनापतीला विरुद्ध बाजूचा ठरवते. हुन सेन मुद्रण करून ठेवतो, ते बाहेर येतं. 1 जुलैला ती निलंबित, 29 ऑगस्टला पदच्युत. मधल्या काळात सीमेवर पाच दिवस लढाई झाली, लाखो माणसं घरं सोडून पळाली. आणि तो सेनापती पोस्टरवर आला.

9 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, रुग्णालयातले दिवस शिक्षेत धरता येणार नाहीत. थाक्सिन एका वर्षासाठी आत गेला.

(दृश्य : पुन्हा शाळेचं सभागृह. दुपार. खुर्च्या उचलल्या जातायत.)

सोडत संपली. काळ्या चिठ्ठीवाले केव्हाच गेले, काही तर शर्ट विसरून. लाल चिठ्ठीवाले एका टेबलापाशी रांगेत थांबलेत. कारकून प्रत्येकाला एक कागद देतो. त्यावर नाव, जिल्हा, हजर व्हायची तारीख. सकाळी मटकन खाली बसलेला मुलगा तो कागद दोनदा वाचतो आणि घडी करतो. खिसा नाही. मग तो ती घडी आईच्या पर्समध्ये ठेवायला देतो.