तिच्या ताटात काय वाढले आहे?

(दृश्य : एका खोलीत गोलाकार बसलेल्या पंधरा-वीस स्त्रिया. मधोमध एक रिकामे ताट.)

हा आहारशिक्षणाचा वर्ग आहे, पण भिंतीवर तक्ता नाही आणि शिकवणाऱ्या ताईंच्या हाती खडूही नाही. त्यांनी मधोमध एक रिकामे ताट ठेवले आहे आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला आहे : काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही स्वतः काय काय खाल्ले? घरात काय शिजले ते नको, तुमच्या पोटात काय गेले ते सांगा. मुलांनी काल काय खाल्ले आणि काय टाकले, हे प्रत्येकीला घासागणिक आठवते. स्वतःच्या जेवणाविषयी सांगताना मात्र त्या थबकतात. "उरलं होतं ते खाल्लं," असे एक जण सांगते आणि बाकीच्या काही न बोलता माना डोलावतात.

जगाच्या अनेक भागांत घरातील स्त्री सर्वांना वाढून झाल्यावर जेवते. त्यामुळे घरात पुरेसे आणि चांगले अन्न शिजूनही तिच्या वाट्याला धान्याचा भाग जास्त येतो, तर डाळ, भाजी, दूध, अंडे किंवा मासे कमी येतात. स्त्रियांना आहाराविषयी शिकवायचे म्हणजे कोणत्या पदार्थात कोणते जीवनसत्त्व असते याची यादी त्यांच्याकडून पाठ करून घ्यायची, अशी समजूत अजून गेलेली नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे घराचा स्वयंपाक सांभाळला, त्यांना रांधणे येतेच. शिकवावे लागते ते स्वतःसाठी वाढून घेणे, आणि तेही त्या एकट्यांना शिकवून भागत नाही.

(दृश्य : ताटात एकेक चित्र ठेवले जाते. धान्य, कडधान्य, पालेभाजी, अंडे.)

ताईंनी चित्रांचे दहा गठ्ठे केले आहेत. ही विभागणी त्यांच्या मनची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने 2016 साली स्त्रियांच्या आहारातील विविधता मोजण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात अन्नाचे हेच दहा गट आहेत : धान्ये व कंदमुळे, डाळी व कडधान्ये, दाणे व तेलबिया, दूध व दुधाचे पदार्थ, मांस व मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, गाजरासारख्या अ जीवनसत्त्व देणाऱ्या इतर भाज्या व फळे, उरलेल्या भाज्या, आणि उरलेली फळे. 15 ते 49 वयाच्या स्त्रीने मागच्या दिवसभरात या दहांपैकी किमान पाच गटांतील काही ना काही खाल्ले असेल, तर तिला सूक्ष्म पोषक द्रव्ये, म्हणजे जीवनसत्त्वे व खनिजे, पुरेशी मिळण्याची शक्यता वाढते, असे ही पद्धत मानते. मुळात हे माप एखाद्या लोकसमूहाची स्थिती जोखण्यासाठी आहे. एकट्या स्त्रीच्या प्रकृतीचे निदान त्यावरून करता येत नाही, आणि ताईही तसे करत नाहीत. तरीही शिकवण्यासाठी हे साधन फार उपयोगी पडते, कारण त्याला ना तराजू लागतो ना उष्मांकांचा हिशेब. हाताची बोटे पुरतात. चिमूटभर घातलेल्या गोष्टी मात्र मोजायच्या नाहीत. एखाद्या गटातले निदान 15 ग्रॅम, म्हणजे साधारण चमचाभर अन्न, पोटात गेले असेल तरच तो गट धरायचा. फोडणीपुरता कांदा किंवा वर भुरभुरलेली कोथिंबीर यांची भाजी होत नाही.

पहिल्या दिवशी बहुतेकींची बोटे तीनवर किंवा चारवर थांबतात. येथे शिकवणाऱ्याची खरी कसोटी लागते. कमी आकडा सांगणारीला अपराधी वाटले, तर ती पुढच्या वेळी एकतर येणार नाही किंवा खोटे सांगेल. म्हणून ताई काय चुकले हे सांगत नाहीत. घरात जे आहेच, त्यातून आणखी एक बोट कसे वाढेल, एवढेच विचारतात.

(दृश्य : चहाचा कप. शेजारी अर्धे चिरलेले लिंबू.)

सर्वांत जास्त वेळ जातो तो लोहावर, आणि तो जायलाच हवा. एका पाळीत सरासरी 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते आणि दर मिलिलिटर रक्तासोबत साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. म्हणजे महिन्याला 15 ते 20 मिलिग्रॅम लोहाचा हा जादा खर्च झाला, जो पुरुषाच्या शरीराला नसतो. हा आकडा लहान वाटेल, पण वनस्पतींपासून मिळणाऱ्या लोहापैकी साधारण दहावा हिस्सा, पुष्कळदा त्याहूनही कमी, शरीर शोषून घेते. त्यामुळे गेलेले भरून काढण्यासाठी खावे लागते त्याच्या अनेक पटींनी. अमेरिकेतील शिफारशीनुसार 19 ते 50 वयाच्या स्त्रीला रोज 18 मिलिग्रॅम लोह लागते, तर त्याच वयाच्या पुरुषाला 8 मिलिग्रॅम पुरते. देशोदेशीचे आकडे वेगळे आहेत; स्त्रीची गरज जास्त, हे मात्र सगळीकडे सारखेच आहे. त्यातही स्त्रीला उष्मांक सहसा पुरुषापेक्षा कमी लागतात, म्हणजे कमी अन्नात जास्त पोषण बसवायचे काम तिच्या ताटाला करावे लागते. उरलेसुरले अन्न हे काम कसे करणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 30 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे; ही संख्या 50 कोटींहून अधिक भरते. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या रक्तात दर डेसिलिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर तो रक्तक्षय समजला जातो. आकड्यांपेक्षाही जास्त सलते ते हे, की जिना चढताना लागणारी धाप, दुपारी उभे राहवत नाही इतका थकवा आणि सतत ठणकणारे डोके यांना आजार म्हणायचे असते, हेच पुष्कळ जणींना कोणी सांगितलेले नसते. "काम जास्त झालं असेल," असे म्हणून त्या वेळ मारून नेतात.

लोह किती खाल्ले याइतकेच ते कशाबरोबर खाल्ले यालाही महत्त्व आहे. क जीवनसत्त्व वनस्पतिजन्य लोहाला शरीर सहज शोषेल अशा रूपात आणते. म्हणून डाळीवर किंवा पालेभाजीवर पिळलेले लिंबू केवळ चवीपुरते नसते. कडधान्ये भिजवली, त्यांना मोड आणले की लोह अडवून धरणारे फायटेट कमी होते. उलट चहा आणि कॉफीमधील द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात. वर्गातील एका बाईंना जेवता जेवताच चहा लागतो. त्यांना चहा सोडायला सांगितले असते, तर त्यांनी मान हलवली असती आणि घरी जाऊन तसाच घेतला असता. ताई त्यांना चहा जेवणानंतर तासभर पुढे ढकलायला सांगतात. बाई क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, "भांडी झाल्यावर घेईन." हा बदल त्यांनी स्वतः ठरवलेला आहे, त्यामुळे तो टिकण्याची आशा आहे.

रक्तक्षय झालेला असताना केवळ आहार पुरत नाही, हेही या वर्गात स्वच्छपणे सांगितले जाते. रक्तक्षय नेहमीच लोहाच्या कमतरतेने होतो असे नाही. ब-12 किंवा फोलेट ही जीवनसत्त्वे कमी पडणे, जंत, मलेरिया, रक्ताचे आनुवंशिक विकार अशी कारणेही असतात, म्हणून रक्ततपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला टाळता येत नाही. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, काहींना बद्धकोष्ठ होते किंवा मळमळते. हे आधी सांगितले नाही, तर घाबरलेली स्त्री चौथ्या दिवशी गोळ्या बंद करते. दोन मिनिटांची ही सूचना अनेकदा राहून जाते, याचे फार वाईट वाटते.

(दृश्य : हिरव्यागार पालेभाजीची जुडी निवडणारे हात.)

पालेभाजीशी स्त्रीच्या आरोग्याचा एक जुना धागा जोडलेला आहे. ल्युसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर 1928 साली मुंबईत आल्या आणि कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या एका गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. या स्त्रियांच्या निकृष्ट आहारात त्याचे मूळ असावे, असा त्यांचा कयास होता. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फोलेट. पुढे 1941 साली पालकाच्या पानांतून तो वेगळा काढण्यात आला आणि लॅटिन भाषेतील पान या अर्थाच्या शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती नीट मिटायला फोलेट लागते. ती गर्भधारणेनंतर 28 दिवसांच्या आत मिटते, आणि तोवर दिवस गेल्याचे पुष्कळदा कळलेलेही नसते. म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीने आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावे, अशी शिफारस आहे. हे सांगायची जागा प्रसूतिपूर्व तपासणीच्या रांगेत नाही, त्याच्या कितीतरी आधी आहे.

हाडांची गोष्टही अशीच आधीची आहे. तिशीच्या सुमारास हाडे सर्वांत बळकट असतात आणि पाळी थांबल्यावर ती वेगाने झिजू लागतात. त्यामुळे कॅल्शियमचा धडा आजीइतकाच नातीलाही द्यावा लागतो.

संतुलित आहाराचा अर्थ काही गोष्टी वाढवणे एवढाच नाही. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, वरून घातलेल्या साखरेपासून एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी वाटा आणि किमान 400 ग्रॅम फळे व भाज्या, ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मापे आहेत. ताईंनी एकदा 400 ग्रॅम फळे आणि भाज्या तोलून ताटात ठेवल्या, तेव्हा सगळ्याजणी पुढे वाकून पाहू लागल्या. कित्येकींच्या घरी साऱ्या कुटुंबाची भाजी तेवढी होती.

(दृश्य : दाराशी उभे असलेले काही पुरुष आणि दोन वयस्कर स्त्रिया. ताई त्यांना आत बोलावतात.)

चौथ्या वर्गाला घरची माणसे बोलावलेली आहेत. बाजारात कोण जातो, पैसे कोणाच्या हाती असतात आणि पातेल्याजवळ कोण बसते, यांवर स्त्रीचे ताट ठरते. तिला एकटीला शहाणे करून सोडून देणे हा तिच्यावर अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेच रिकामे ताट पुन्हा मधोमध ठेवले जाते. या वेळी प्रश्न पुरुषांना आहे : काल तुमच्या पत्नीने काय खाल्ले? बराच वेळ कोणी बोलत नाही. मग सासूबाई सांगू लागतात, सून दुरुस्त करते, नवरा मधेच विचारतो की अंडी तर आणली होती, ती कुठे गेली. सून मुलांकडे बोट दाखवते.

पुढच्या आठवड्यात तीच सून आल्या आल्या हात वर करते. तिची पाच बोटे उघडी आहेत. सहावे कोणते, ते आठवत ती क्षणभर थांबते, आणि मागून सासूबाईच सांगतात, "दही."