साठीनंतरची पहिली फिट

(दृश्य: सकाळची पर्वती. पायऱ्या चढणारी माणसं.)

इथे रोज येणाऱ्यांत साठी ओलांडलेले पुष्कळ आहेत. यातल्याच एखाद्याला, आयुष्यात कधी असं काही झालेलं नसताना, अचानक फिट, म्हणजे आकडी, येते. घरचे हादरतात. कुणी कांदा हुंगवतं, कुणी दातांत चमचा घालतं. कृपा करून यातलं काहीही करू नका. कुशीवर वळवा, गळ्याजवळचं सैल करा, फिट किती वेळ चालते ते घड्याळात बघा आणि १०८ला फोन लावा.

पुढे एमआरआय, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) होतो, गोळ्या सुरू होतात. फिट परत येत नाही आणि घर निर्धास्त होतं. खरी गफलत इथे होते.

उतारवयातल्या पहिल्या फिटमागे बरेचदा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचं दुखणं असतं. वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीने त्या कडक होतात, आतल्या आत छोटे भाग रक्ताविना मरतात. माणसाला पत्ताही लागत नाही. ब्रिटनमधला एक अभ्यास २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. साठीनंतर पहिली फिट आलेल्यांना पुढे पक्षाघाताचा (लकव्याचा) धोका इतरांच्या जवळपास तिप्पट दिसला.

(दृश्य: कोथरूडमधलं घर. जेवणाच्या टेबलावर बीपीचं मशीन.)

“अहो, बोलू नका मध्ये. पाच मिनिटं शांत बसा आधी.” आजी पट्टा बांधतात, वरचा-खालचा दोन्ही आकडे वहीत लिहितात. टेबलावरून लोणचं-पापड हटलेत. ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

बीपीबरोबर साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजीही हवा. हृदयाचे ठोके अनियमित असले तर तिथे रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते. तंबाखू सुटायलाच हवी. मिश्री लावणाऱ्या आजींनाही हे विचारा. त्यांना सहसा कुणी विचारतच नाही.

रक्त पातळ करायची गोळी मात्र मनाने सुरू करू नका. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर ती घात करेल. फेनिटॉईन, कार्बामाझेपिनसारख्या फिटच्या गोळ्या कोलेस्टेरॉल वाढवू शकतात, काही औषधांचा जोरही कमी करतात. म्हणून सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. फिटची गोळी परस्पर बंद करू नका.

आणि कधी तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर तो पक्षाघात असू शकतो; “जरा पडू दे, सकाळी बघू” म्हणू नका. फिटनंतरही हात काही वेळ लुळा पडतो, पण कारण कोणतं हे घरी ठरत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. चोवीस तास सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन मिळणारं जवळचं हॉस्पिटल कोणतं, ते आजच फोन करून विचारून ठेवा.